निळ्या दाराचं घर

बाई,

परवा तुमच्या बेसण्याला मी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या.

कारेलीबागेत तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चार ते सहा अशी वेळ ठेवली होती. मराठी घरात गुजरात्यांसारखी बेसण्याची शोकसभा कशाला, असं तुमची भाची अपर्णा आधी म्हणत होती म्हणे. पण शेजारी सगळे गुजराती. पांढरे कपडे घालून, हात जोडून, दोन मिनिटं सतरंजीवर टेकल्याशिवाय तुम्ही गेलात हे त्यांना खरंच वाटलं नसतं. फोटो मात्र चांगला निवडला नव्हता. त्यात तुम्ही चष्मा लावून हसताय. तुम्हाला खरं हसू आलं की तुम्ही आधी चष्मा काढायचात, पदराने डोळे पुसायचात आणि मग हसायचात. फोटोतलं हसू फोटोग्राफरला बरं वाटावं म्हणून दिलेलं आहे.

कुणीतरी म्हणालं, मुकुंद बाईंचा सगळ्यात लाडका विद्यार्थी, त्याने दोन शब्द बोलावेत. मी उठलो. तुमची पेन्सिल, माझ्या प्रबंधातली विशेषणं तुम्ही कशी खोडायचात, तुमच्या हातचा आल्याचा चहा, असं काहीबाही बोलून खाली बसलो. लोकांनी माना डोलावल्या. जे सांगायचं होतं ते घशातच राहिलं. गेली बारा वर्षं ते तिथेच आहे. पहिल्यांदा चपला घातल्या त्या या लाजेने. परत आलो, कारण फोटोला नमस्कार करायचाच राहिला होता. दुसऱ्यांदा घातल्या तेव्हा अपर्णाने हाक मारून बाजूला घेतलं आणि हातात एक वही दिली. ती काय म्हणाली आणि वहीत काय होतं ते मी शेवटी लिहितो. निष्कर्ष आधी सांगणाऱ्याचा निबंध तुम्ही पुढे वाचायचाच नाहीत.

तुमच्या वर्गात मी आलो तेव्हा देश नुकताच उघडला असं सगळे म्हणत होते. बडोद्यात गच्चीवरून गच्चीवर केबलच्या तारा लोंबत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले होते, आणि माझ्या चाळीतली पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. मी एम.ए.ला प्रदेश-अभ्यास घेतला. वडील रेल्वे यार्डात. त्यांनी विचारलं, "यात करायचं काय असतं?" मला सांगता आलं नाही. पहिल्या तासाला तुम्ही फळ्यावर 'संशोधनाचे सिद्धांत आणि पद्धती' असं लिहिलंत, हातावरचा खडू झटकलात आणि पहिल्या बाकावरच्या मला विचारलंत, "तुझा प्रदेश कुठे संपतो?"

मी सुट्टीभर लायब्ररीत बसून तयारी केलेली. केंद्र, परीघ, सीमारेषेची सामाजिक घडण, सगळं धडाधडा बोललो. तुम्ही शांतपणे ऐकलंत. "सारू. हे पुस्तकाचं झालं," म्हणालात. "आता घरी जा आणि वडिलांना विचार."

वडील तेव्हा बुटाला पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, "माझा भाग ना? आऊटर सिग्नलपर्यंत. गाडी त्याच्या पुढे गेली की ती माझी नाही."

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं आणि तुम्ही चष्मा काढलात. मग कालच्या शीर्षकाखाली, त्याच फळ्यावर, माझ्या वडिलांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंत. आमच्या घरात कुणी कधी लिहून ठेवावं असं काही बोललं असेल, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. घरी जाऊन मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चुकीचं तर नव्हतं ना सांगितलं मी?" मी त्या दिवशी तुमचा झालो, बाई. पुढे जे केलं ते केलं, पण झालो होतो हे खरं.

हा विषय कुणी काढला हे तुम्ही आम्हाला आडपडदा न ठेवता सांगायचात. ज्यांना लांबचे देश ताब्यात ठेवायचे होते त्यांनी. नकाशावर एक तुकडा आखायचा, त्याला नाव द्यायचं, आणि तिथल्या माणसांबद्दल तज्ज्ञ म्हणून मिरवायचं. "आपण उलटं करू," तुम्ही म्हणायचात. "हद्द त्यांनी आखायची. आपण नुसतं बरोबर चालायचं." म्हणजे माणसाला विचारायचं, तुझा प्रदेश कुठे संपतो, आणि तो सांगेल त्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर जायचं. पायी, बसने, बैलगाडीने, कसंही. वहीत उजव्या पानावर त्याचं बोलणं त्याच्याच भाषेत, एक शब्द न बदलता. डावं पान आपलं. आपल्याला काय वाटलं, कोणता सिद्धांत आठवला, ते तिकडे. दोन पानांचं भांडण झालं तर उजव्या पानाचं ऐकायचं. आणि दिवाळीनंतरच्या नव्या वर्षाला त्या प्रत्येकाच्या घरी परत जायचं, साल मुबारक म्हणायचं, आपण काय लिहिलं ते वाचून दाखवायचं. याला तुम्ही परतभेट म्हणायचात. विभागातले बाकीचे प्राध्यापक हसायचे, ही पद्धत आहे की सोयरीक? तुम्ही म्हणायचात, दोन्ही.

पुढे पीएच.डी.ला मला सावली तालुक्यातलं एक गाव मिळालं. तिथली वीस माणसं मी निवडली आणि यादी विभागात दिली. त्यातल्या शकरीबेनकडे तुम्ही स्वतः आला होतात, आठवतं? दोन म्हशी, एक मुलगी होती ती लग्न होऊन गेलेली. ती म्हणाली, माझा प्रदेश कडुलिंबाच्या झाडापाशी संपतो, जिथून मुलगी बसमध्ये चढली. आपण तिघं उन्हात चालत गेलो. झाडाच्या अलीकडे शकरीबेन थांबली. मी म्हणालो, चला ना काकी, झाड तर हे इथेच आहे. तुम्ही माझं कोपर धरलंत. परतीच्या एसटीत तुम्ही विचारलंत, "ती दोन पावलं आधी थांबली, ते लिहिलंस?"

मी लिहिलं नव्हतं. झाडाचा घेर लिहिला होता.

"अरे बाबा," तुम्ही म्हणालात, "ती दोन पावलं म्हणजेच तुझा प्रबंध."

आपलं खरं भांडण सिद्धांतावरून होतं. मी दिल्लीहून लेखांच्या झेरॉक्स मागवायचो. जग सपाट होतंय, सीमा विरघळतायत, स्थळाला आता अर्थ उरला नाही, असं त्या लेखांतून लिहिलेलं असे आणि मला ते वाचून अंगात आल्यासारखं होई. तुम्ही प्रत्येक झेरॉक्स वाचून परत द्यायचात, समासात पेन्सिलीच्या खुणांसकट. "लिहिलंय छान. पण यातलं कुणी कधी बसमधून उतरलेलं दिसत नाही." मी चिडायचो. म्हणायचो, तुम्हाला सिद्धांत नकोच आहे. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "सिद्धांत पाहिजेच रे. नाहीतर नुसत्या गप्पा मारून परत येशील. पण तो प्रश्न विचारायला न्यायचा. उत्तर द्यायला नाही."

आता ते सांगतो.

माझ्या एकोणीस माणसांना हद्द होती. लहान, हट्टी हद्द. कुणाची डेअरीपाशी संपे, कुणाची तालुक्याच्या कचेरीपाशी, एकाची त्याच्या भावाच्या बांधावर, कारण पलीकडे तो गेली कित्येक वर्षं पाऊल टाकत नव्हता. घरात टीव्ही आलेला, मुलगा नंदेसरीच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा, तरी हद्द तिथेच. माझ्या प्रबंधाचा दुसरा भाग म्हणत होता की हद्दी पुसल्या जातायत, आणि एकही माणूस तसं म्हणायला तयार नव्हता. यादीतला विसावा माणूस मुलाकडे सुरतेला निघून गेलेला. प्रबंध द्यायची तारीख अंगावर आलेली. सावलीच्या बसस्टँडवर बाकावर बसून, शेंगा खात, मी वहीचं उजवं पान उघडलं आणि रावजीकाकांना जन्माला घातलं.

दहा मिनिटं लागली असतील. वय पासष्ट, जमीन थोडी विकलेली, मुलगा नंदेसरीला. घर तळावाच्या मागे, डेअरीवरून पुढे. समोरच्या दुकानाचं दार निळं होतं, म्हणून काकांच्या घराला निळं दार. आणि त्यांच्या तोंडी मी वाक्य घातलं, "हवे क्यां छेडो, भाई? आखी दुनिया टीवीमां घेर आवे छे. मारो तो छेडोज नथी रह्यो." आता कसलं टोक, सगळी दुनिया टीव्हीतून घरी येते, मला टोकच उरलं नाही. अगदी माझ्या झेरॉक्समधल्यासारखं, फक्त गुजरातीत.

मला वाटलं होतं तुम्ही पकडाल. माझी एवढीशी विशेषणं पकडणाऱ्या तुम्ही. पण तुम्ही ते पान वाचलंत, चष्मा काढलात, आणि हसला नाहीत. मग म्हणालात, "मुकुंद, मी हरले बरं का. तुझे ते लेखवाले अगदीच खोटे नव्हते. मला हे ऐकूच आलं नसतं, मी ऐकायलाच तयार नव्हते." आणि हरल्याबद्दल मला सेव-उसळ खायला नेलंत. आपल्या पाच वर्षांच्या भांडणात तुम्ही एकदाच हार मानलीत, ती माझ्या खोट्या माणसापुढे. माझ्या डोळ्यात पाणी आलं. तुम्ही विचारलंत तर मी म्हणालो, तिखट आहे.

तिथेच सांगायला हवं होतं. सेव-उसळीची प्लेट बाजूला सारून. तुम्ही रागावला असतात, सहा महिने बोलला नसतात, प्रबंध एका वर्षाने पुढे गेला असता. एवढंच झालं असतं. पण समोरचा माणूस आपल्यामुळे इतका आनंदात असताना ते तोंडातून निघत नाही. नंतर व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी तेच वाक्य वाचून दाखवलं. तुम्ही ते तुमच्या व्याख्यानांत सांगायला लागलात, दरवेळी "माझ्या मुकुंदला भेटलेले रावजीकाका" असं म्हणून. त्या वाक्यावर मला नोकरी लागली असं म्हटलं तरी चालेल.

आणि मग परतभेट. दिवाळीच्या पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे जुनेनवे विद्यार्थी तुमच्याकडे जमायचो. तुम्ही चिवड्याची ताटली पुढे सरकवून एकेकाला विचारायचात, तुझी माणसं कशी आहेत? माझी पाळी आली की तुमचा पहिला प्रश्न, "काका काय म्हणतात?" पहिली दोन वर्षं मी बाकीच्या एकोणीस जणांकडे खरंच जात होतो. मग लग्न, कॉलेजचे तास, स्कूटरवरून मुलीला ट्यूशनला सोडणं. खऱ्या माणसांना भेटायला बस पकडावी लागते. रावजीकाकांना भेटायला मला तुमच्या जिन्याच्या पायऱ्या चढेपर्यंतचा वेळ पुरायचा. एका वर्षी त्यांना मोतीबिंदू झाला. एका वर्षी नातू. एकदा त्यांनी तुमच्यासाठी तुरीच्या शेंगा पाठवल्या, त्या मी येताना बाजारातून घेतल्या होत्या. तुम्ही त्या निवडून फ्रीजमध्ये ठेवल्यात आणि उलट त्यांना तुमच्या हातचं लिंबाचं लोणचं पाठवलंत. बाई, ते लोणचं आम्ही घरी खाल्लं. फार छान झालं होतं. माझी बायको अजून नाव काढते.

असं आठ वर्षं मी त्यांना जगवलं आणि नंतर दमलो. त्या दिवाळीला जिना चढताना ठरवलं आणि तुम्ही विचारल्यावर सांगून टाकलं, काका गेले. वाटलं, सुटलो.

तुम्ही ताटली खाली ठेवलीत. "कधी? बेसणं कधी आहे? मला घेऊन चल."

"झालं, बाई. गेल्या महिन्यातच."

"मला कळवलं नाहीस?" असं तुम्ही फक्त एकदा म्हणालात. मुलं चिवडा खात होती, गप्पा चालू होत्या. मी निघताना तुम्ही जिन्याच्या दारापर्यंत आलात. "घर कुठे म्हणाला होतास त्यांचं?"

मी सांगितलं. तळावाच्या मागे, डेअरीवरून पुढे, निळ्या दाराचं.

यानंतर काही महिन्यांनी तुम्ही मला विभागात बोलावून घेतलंत आणि 'सिद्धांत आणि पद्धती'चा पेपर माझ्या हवाली केलात. निवृत्तीनंतरही तुम्ही तो मानद म्हणून शिकवत होतात, ते सगळ्यांना माहीत. "आता मला नाही फावत," म्हणालात. "फील्डमध्ये माझा भरवसा नाही राहिला. तू घे." मी नको नको म्हटलं, पण फार नाही. मनातून मी फुगलो होतो. तुमच्या खुर्चीत बसायला मिळतंय याचा मला इतका आनंद झाला की भरवसा का राहिला नाही हे विचारायचं सुचलंच नाही. माणसाला प्रश्न कसा विचारावा हे शिकवण्याचा पेपर घेत होतो मी, आणि समोर बसलेल्या तुम्हाला एक साधा प्रश्न विचारला नाही.

पुढची चार वर्षं मी तो पेपर शिकवला. चांगला शिकवला असं मुलं म्हणतात. उजवं पान, डावं पान, परतभेट, सगळं तुमच्याच शब्दांत. रावजीकाकांचं वाक्य मात्र कधी घेतलं नाही.

मागच्या महिन्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी ठरवून आलो होतो. दुपार होती. तुमच्या खोलीत कपाटावर, औषधांच्या डब्यावर, फोनवर चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. 'गॅस बंद केला?' 'किल्ली खुंटीवर.' मला वाटलं, वय झालंय. तुमचा हात धरून मी म्हणालो, "बाई, एक सांगायचंय." तुम्ही डोळे उघडलेत आणि मी काही बोलायच्या आत विचारलंत, "दार निळंच होतं ना रे?"

मी गडबडलो. इतक्या वर्षांनी तुम्हाला काकांची आठवण येते याने मला भरून आलं आणि मी म्हणालो, "हो बाई, निळंच."

तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. "मग बरोबर आहे," म्हणालात. थोड्या वेळाने अपर्णा औषध घेऊन आली आणि मी उठलो.

काय बरोबर होतं ते मला परवा कळलं.

अपर्णा म्हणाली, "मुकुंदभाई, मावशीला हे विसरण्याचं सुरू झालं ना, ते तुमच्या त्या सावलीच्या गावापासून." ती सहज सांगत होती, चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहून. काका गेल्याचं कळल्यावर तुम्ही त्यांच्या घरच्यांना भेटायला एकट्या सावलीला गेलात. एसटीने, छत्री घेऊन. घर सापडलं नाही. पुन्हा गेलात. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा गेलात तेव्हा पाय सुजवून घेऊन संध्याकाळी परत आलात आणि अपर्णाला म्हणालात, "माझं डोकं आता साथ देत नाही गं. गाव माझं पाहिलेलं, तरी घर सापडत नाही." ती म्हणाली, मावशी, मुकुंदभाईंना विचार की. तर तुम्ही म्हणालात, "त्याला कशाला सांगायचं? त्याला वाईट वाटेल, बाई खुळावल्या म्हणून." त्यानंतर तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलात. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने ठीक आहे, पण तुम्हाला ते पटलं नाही. चिठ्ठ्या तेव्हापासून.

"तुमचं नाव आहे हिच्यात, म्हणून तुम्हालाच देते," असं म्हणून तिने ती वही दिली. तुमची नेहमीची, दोऱ्याने बांधलेली, आत पेन्सिलीने लिहिलेली.

उजव्या पानावर, पहिली खेप. डेअरीवाला म्हणतो, "आ नामनुं अहीं कोई नथी, बा." या नावाचं इथे कुणी नाही. दुसरी खेप. तळावावर कपडे धुणारी बाई म्हणते, "नीलुं बारणुं? अमारा गाममां तो नथी." निळं दार आमच्या गावात नाही. तिसरी खेप. शकरीबेन म्हणते, "मुकुंदभाई तो घणां वरसथी आव्याज नथी." मुकुंदभाई कित्येक वर्षांत आलेच नाहीत.

सगळं होतं तिथे. तीन माणसं, तिघांच्या म्हणण्याचा अर्थ एकच, त्यांच्याच भाषेत, एक शब्द न बदलता. तुमच्या कुठल्याही विद्यार्थ्याने असं पान आणलं असतं तर तुम्ही क्षणात सांगितलं असतं, अरे, तो माणूस नाहीच. मग मी डावं पान पाहिलं. पहिल्या खेपेसमोर तुम्ही लिहिलंय, 'मी वळण चुकले असेन.' दुसऱ्यासमोर, 'दार पुन्हा रंगवलं असेल.' शकरीबेनच्या समोर लिहिलंय, 'ती विसरत असेल. आम्ही दोघी आता म्हाताऱ्या.' आणि सगळ्यात खाली, अक्षर जरा हललेलं, 'मीच रस्ता चुकले. मुकुंद खोटं लिहिणार नाही.'

आयुष्यभर तुम्ही उजव्या पानाचं ऐकलंत. एकदाच डाव्याचं ऐकलंत, ते माझ्यासाठी.

इतकी वर्षं मी स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती, बाई. तुम्हाला सगळं ठाऊक असणार, तुम्ही माझी गंमत बघत असणार, एक दिवस चष्मा काढून हसाल आणि म्हणाल, "पुरे झालं, काका काय म्हणतात!" त्या समजुतीवर मी झोपत होतो. तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही तीनदा उन्हात फिरलात, स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावलात, आवडता पेपर सोडलात, घरभर चिठ्ठ्या डकवल्यात, आणि शेवटच्या महिन्यात मला विचारून खात्री करून घेतलीत की चूक तुमचीच होती. मी ती खात्री दिली. हात धरून दिली. याची मला इतकी लाज वाटते की ती कुठे ठेवावी कळत नाही.

काल सकाळी मी सावलीची बस पकडली. किती वर्षांनी. बसस्टँड नवं झालंय, तो बाक नाही, समोर मोबाईलचं दुकान आहे. गावात शकरीबेन ओट्यावर बसली होती. तिने मला ओळखलं, पण आधी माझ्या मागे पाहिलं. "बा नथी आव्यां?"

मी सांगितलं, बा गेल्या. ती पदर तोंडाशी धरून बसून राहिली. मग तिने आपणहून सांगितलं, बा तीन वेळा आल्या होत्या. भर उन्हाच्या तडक्यात. कुणा रावजीभाईचं घर शोधत होत्या. मी पाणी दिलं, म्हटलं बसा, तर म्हणाल्या, आधी घर सापडू दे.

मी तिला खरं सांगितलं. रावजीकाका नव्हते, मी लिहिलेले. तुम्हाला न सांगितलेलं मी पहिल्यांदा तिला सांगितलं. तिला प्रबंध म्हणजे काय ते ठाऊक नाही, सिद्धांताशी तर तिचा काही संबंधच नाही. ती म्हणाली, "तो पछी बाने केम न कह्युं?" मग बांना का नाही सांगितलंस?

मला सोडायला ती लिंबापर्यंत आली. अजूनही दोन पावलं आधी थांबते.

मंगळवारी माझा तास आहे. फळ्यावर तुमचंच शीर्षक असतं, अजून बदललेलं नाही. त्या दिवशी मी मुलांना रावजीकाकांचं वाक्य सांगणार आहे आणि ते कुणी, कुठे बसून लिहिलं तेही सांगणार आहे. विभागाला पत्र दिलंय. पुढे प्रबंधाचं ते काय करायचं ते करतील. तुमची मुलं चिडतील माझ्यावर, चिडू देत. आता परतीच्या बसमध्ये केलं ते एवढं तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमची वही उघडली. डाव्या पानाला हात लावला नाही, ते तुमचं आहे. शकरीबेनच्या बोलण्याखाली उजव्या पानावर जागा होती. बस हलत होती तरी पेन्सिलीने, माणसाच्या तोंडचं जसंच्या तसं लिहितात तसं, लिहिलं.

विसावा माणूस, मुकुंद. म्हणतो, बाई, तुम्ही रस्ता चुकला नव्हतात. तिथे घरच नव्हतं.